खोली क्रमांक तीन

उत्तर न दिलेली पत्रं माझ्या आयुष्यात बरीच असतील, पण जपून ठेवलेलं एकच. निळं आंतरदेशीय पत्र, गाझियाबादचा शिक्का, जून १९९९. ते शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच गेली सव्वीस वर्षं तिसऱ्या खंडात येणारे शब्द मी अंदाजानेच वापरत आलो. खंड एक, दोन, चार, पाच हातांनी मळले आहेत. तिसऱ्याचा कणा अजून नवा दिसतो. माझी बायको शुभदा एकदा म्हणाली होती, "हा एकच कसा हो तुमच्या तावडीतून सुटला?" मी काहीतरी हं केलं होतं. असं हं करून मी पुष्कळ गोष्टींमधून निसटलेलो आहे.

तर ते पत्र ज्या कपाटात आहे ते कपाट मागल्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास हललं. आधी काच किणकिणली, मग वरच्या फळीवरची दोन पुस्तकं आडवी झाली. शुभदा स्वयंपाकघरातून, हात पिठाचे तसेच ठेवून, थेट जिन्यात. "अहो, भूकंप! या ना बाहेर!" इतकी वर्षं दिल्लीत काढल्यावर आम्हाला आधी पंख्याकडे बघायची सवय लागली आहे. पंखा स्थिर होता. हलत होती ती फक्त कपाटामागची भिंत, आणि तिच्या पलीकडून घाव ऐकू येत होते. शेजारच्या फ्लॅटमध्ये यतीन आणि चेतना यांचं काम चाललं होतं. पुण्याचं तरुण जोडपं, दोघंही नोएडाला कॉम्प्युटरच्या नोकरीत, फ्लॅट नुकताच घेतलेला. घाव थांबले आणि दोन मिनिटांत यतीन दारात उभा. केसांवर सिमेंटची पूड, चेहरा ओशाळलेला. "काका, सॉरी, एकदम सॉरी. पण जरा येता का? मिस्त्री म्हणतोय काहीतरी गडबड आहे. ही वॉल लोड बेअरिंग आहे का ते तुम्ही सांगाल ना? तुम्ही आर्किटेक्ट होतात ना?" मी म्हणालो, "ड्राफ्ट्समन." तो म्हणाला, "सेम थिंग ना, काका."

सेम थिंग नाही, पण दारात उभं राहून समजावण्यासारखी ती गोष्ट नाही. सरकारी बांधकाम खात्यात छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांनी कल्पिलेल्या इमारती कापडी ट्रेसिंगवर शाईने काढल्या. रेघ चुकली तर ब्लेडने हळूच खरवडायची, नखाने घोटायची आणि पुन्हा ओढायची. ब्लू प्रिंटच्या खोलीतला अमोनियाचा वास घरी आल्यावरही बोटांना असे. आमच्या मुलाने लहानपणी शाळेत "माझे बाबा" या निबंधात लिहिलं होतं की माझ्या बाबांना दवाखान्यासारखा वास येतो. खिडकी कुठे असावी, जिना कुठून चढावा, हे मला कधी कोणी विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर विचारलं असतं तर मला सांगता आलं असतं की नाही, याची शंकाच आहे.

यतीनच्या हॉलमध्ये सगळीकडे मलबा. मिस्त्री छिन्नी घेऊन उभा होता. मला बघून तो म्हणाला, "बाबूजी, ये दीवार नहीं है, ये तो दरवाज़ा है." प्लास्टर खरवडलं होतं तिथे काळपट लाकडाची चौकट उघडी पडली होती. दोन उभी लाकडं, वर एक आडवं, आणि मध्ये विटा. घाईत रचलेल्या, सांधे वाकडेतिकडे. उजव्या बाजूला बिजागरीच्या खाचा अजून स्पष्ट. मी चौकटीवर हात ठेवला. पावणेतीन फूट. हात ठेवला की माप सांगता येतं, एवढी एक गोष्ट मला येते. चेतना म्हणाली, "काका, म्हणजे हे दार कुठे जायचं?" आणि मी बोलण्याआधीच तिला कळलं. "तुमच्याकडे! ओ माय गॉड, तुमच्या बुककेसच्या मागे!"

मग सगळं आठवलं, म्हणजे ऐकलेलं आठवलं. मयूर विहारातली ही सोसायटी नवी असताना दोन सख्ख्या भावांनी शेजारशेजारचे फ्लॅट घेतले होते. पुढे त्यांचं बिनसलं. आम्ही आमचा फ्लॅट धाकट्याकडून घेतला, १९९४ साली. त्याने बाकी सगळं दाखवलं, पाण्याची टाकी, मीटर, कुठला नळ गळतो तेसुद्धा. हे सांगितलं नाही. मी म्हणे नकाशे वाचणारा माणूस. एकतीस वर्षं मी या भिंतीला कपाट लावून, कपाटाकडे पाठ करून, त्या टेबलाशी बसत आलो आणि मला कधी कळलं नाही. आणि त्याच टेबलाशी, त्याच भिंतीकडे पाठ करून, १९९९ च्या मे महिन्यात मी लाल पेन्सिलीने लिहिलं होतं: "खोली क्र. ३ ला दार नाही. मूलभूत चूक. विद्यार्थिनीने घर प्रत्यक्ष मोजलेले दिसत नाही."

यतीन विचारत होता, "काका, लोड बेअरिंग?" मी म्हणालो, "नाही. काही भार नाही हिच्यावर." आणि घरी आलो.

तो शेरा एका शिष्यवृत्तीच्या अर्जावरचा, आणि शिष्यवृत्ती भाऊसाहेबांची होती. ते मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले इंजिनिअर, आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, बोलणं खणखणीत. दिल्ली आणि आसपासच्या मराठी मुलांपैकी दरवर्षी दोघांना, एक आर्किटेक्चरला जाणारा आणि एक इंजिनिअरिंगला. अर्जाला मार्कांच्या कागदाबरोबर आणखी एक कागद लागायचा आणि तो भाऊसाहेबांच्या डोक्यातून निघालेला होता: "आपण राहता ते घर स्वतः मोजून, हाताने, प्रमाणात काढा." बाकी शिफारशी, निबंध, कशाकशावर त्यांचा विश्वास नव्हता. "मार्क कुठूनही येतात हो," ते म्हणायचे, "पण पोराने कधी आपल्या घराच्या भिंतीला टेप लावलाय का, ते कळलं पाहिजे." मग रविवारी सकाळी मंडळाच्या मागच्या खोलीत पोहे आणि चहा घेत आम्ही पाच जण ते कागद पसरून बसायचो. किती घरं पाहिली मी त्या टेबलावर! बहुतेक सरकारी क्वार्टर्स. ती मला पाठ, कारण त्यातली काही मीच ट्रेस केलेली. एकाच नमुन्याचं घर, पण वीस मुलांनी काढलं की वीस वेगळी. कोणी संडास गाळायचा. कोणी नसलेली बाल्कनी जोडायचा. एका मुलीने स्वयंपाकघर हॉलपेक्षा मोठं काढलं होतं, आणि मोजणी पाहिली तर आकडे बरोबर, फक्त रेघा चुकलेल्या. तिचा सगळा दिवस स्वयंपाकघरात जात असणार. मला ते कागद फार आवडायचे. तेवढे दोन रविवार मी कोणीतरी असायचो. भाऊसाहेब सगळ्यांदेखत म्हणायचे, "आता आमचे तज्ज्ञ काय म्हणतात ते ऐकू. बोला, श्रीरंगराव." माझे कान गरम व्हायचे. मी बोलायचो नाही. मी कागद घरी आणून शेरे लिहायचो.

देवयानी परांडेकर हिचा कागद मला अजून दिसतो. गाझियाबादचं बसकं घर, दोन खोल्या पुढे, एक मागे. पुढच्या खोल्या बेताच्या, पण मागची, खोली क्रमांक तीन, तिने अशी काढली होती की मी भिंग घेतलं. भिंतीलगत कामाचं लांब टेबल, त्याच्या कडेला लाकूड घट्ट पकडून ठेवायचा शेगडा. एक स्टूल, त्याचे तीन पाय तीन ठिपक्यांनी. फळी, फळीखाली खिळ्यांची ओळ. खिडकीची जाळी. सगळं होतं आणि दार नव्हतं. चारी भिंती अखंड. आमचे हेड ड्राफ्ट्समन चोप्रासाहेब नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचे, "कमरे में दरवाज़ा नहीं, तो वो कमरा नहीं है जी, गड्ढा है." ते वाक्य माझ्या हातात बसलेलं होतं. बाकी कशाबद्दल म्हणून मला खात्री नसते. पत्ता लिहिताना पिनकोड चारदा बघतो, गॅस बंद केला का हे बघायला जिन्यातून परत येतो. पण दार नसलेली खोली चूक आहे, ही एक गोष्ट मला निःसंशय माहीत होती. ती माहीत असल्याचा केवढा आनंद झाला मला. "मूलभूत" हा शब्द लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं होतं.

मंडळाची पद्धत अशी की नामंजूर अर्ज शेऱ्यासकट आणि परीक्षकाच्या पत्त्यासकट परत पाठवायचे, मुलांना शिकता यावं म्हणून. तिने शिकून घेतलं आणि पत्र लिहिलं.

दार आमच्या बाजूने बघायचं म्हणून कपाट रिकामं करायला घेतलं तेव्हा शुभदा खुर्चीवर बसून पुस्तकं माझ्या हातून घेत होती. तिसरा खंड मी तिच्या हाती दिला नाही. ती बघत राहिली. "काय आहे त्यात? नोटा लपवल्यात?" मी पत्र काढलं आणि तिला दिलं. एवढ्या सोप्या रीतीने ते होईल असं मला वाटलं नव्हतं. तिने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. ते आजवर मी कधी कोणाच्या आवाजात ऐकलं नव्हतं.

"आदरणीय परीक्षक महोदय, सा. न. वि. वि. माझा अर्ज नामंजूर झाल्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु मी घर मोजले होते. खोली क्रमांक तीनला दार होते. माझे बाबा कारखान्यासाठी लाकडी साचे करत. ती त्यांच्या कामाची खोली. दोन वर्षांपूर्वी ते गेले, त्यानंतर वाटणीत ती खोली काकांच्या बाजूला गेली आणि आमच्या बाजूचे दार विटांनी बंद केले. आता तिथे काकांच्या घरातून जातात. फॉर्मवर 'आपण राहता ते घर' असे होते, म्हणून काकांचे घर मी काढले नाही. पण बाबांची खोली गाळणे मला जमले नाही. तिची मापे, अकरा फूट दोन इंच बाय आठ फूट सात इंच, मी आठवणीने लिहिली व जमेल तितकी बाहेरून पडताळली. माझा एकच प्रश्न आहे. जी खोली घरात आहे, पण जिच्यात जाता येत नाही, ती नकाशात कशी दाखवतात? पुढे उपयोगी पडेल म्हणून विचारते. आपली नम्र."

शुभदाने पत्र घडी केलं. ते माझ्या हातात परत दिलं. "आणि तुम्ही उत्तर दिलं नाहीत."

"तीन कच्ची लिहिली."

"ती तर तुम्ही संपादकांनाही लिहिता. टाकत नाही एकही." मग, चष्मा काढत, "माहीत नव्हतं का उत्तर?"

तेच तर. माहीत होतं. कुठल्याही ड्राफ्ट्समनला माहीत असतं, एका ओळीचं काम. ती काही मागत नव्हती. निकाल फिरवा म्हणत नव्हती. पण ती एक ओळ लिहिली की आधीच्या तीन ओळी चुकीच्या होतात, आणि शिष्यवृत्तीची रक्कम तेव्हा अजून दिली गेली नव्हती. मंडळाच्या नियमाप्रमाणे यादी जाहीर झाल्यापासून पंधरा दिवस ती बदलता येत असे. पत्र नवव्या दिवशी आलं. बाराव्या दिवशी, रविवारी, भाऊसाहेबांनी सगळ्यांना विचारलं, रिवाज म्हणून, "कोणाची तक्रारबिक्रार? श्रीरंगराव, तुमच्याकडे काही पत्र वगैरे आलं?" पोह्यांत त्या दिवशी मटार होते. पत्र माझ्या खिशात होतं, मी ते दाखवायलाच नेलं होतं, हे मी स्वतःला पुढे कितीदा सांगितलं असेल. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "नाही."

एवढंच. एक शब्द. दार असलेल्या, गॅरेज असलेल्या एका सुबक नकाशाला शिष्यवृत्ती गेली. पुढल्या वर्षी मी डोळ्यांचं निमित्त करून समितीतून निघालो. मग मी हिशेब करत बसायचो: आता ती पहिल्या वर्षाला असेल, जर असेल तर. आता थिसिस. आता कुठल्या तरी ऑफिसात उमेदवारी. बांधकामांवर पाट्या लागतात, त्यांवरची आर्किटेक्टची नावं मी चालत्या बसमधून वाचायचो. मेट्रो आली तशी ती गाडी वरून जाऊ लागली आणि पाट्या वाचेनाशा झाल्या. मला सुटल्यासारखं झालं होतं. आता ती चव्वेचाळीस वर्षांची असेल.

शुभदा उठली. पिठाचे हात तिने केव्हाच धुतले होते तरी पदराला पुसले. "माणूस मेलं तर उत्तर राहून जातं हो. तुम्ही तर दोघंही जिवंत असाल. पत्ता आहे ना पाठीवर? मग जा की."

"सव्वीस वर्षांनी? काय सांगू जाऊन?"

"ते जाऊन ठरवा. इथे बसून तुमचं कधी काही ठरलंय?"

गुरुवारी गेलो. मेट्रोच्या पिंक लाइनने आनंद विहार, तिथून ती नवी वेगवान गाडी. बसेपर्यंत गाझियाबाद आलंसुद्धा. इतकं जवळ होतं ते. खिशात पत्र, आणि पिशवीत का कोण जाणे टेप. जुन्या पत्त्यावरची गल्ली रुंद झालेली, दोन्ही बाजूंना चार चार मजले, आणि मध्ये ते एकच बसकं घर. मी ते लगेच ओळखलं. मी कधी तिथे गेलो नव्हतो, पण पुढच्या दोन खिडक्यांमधलं अंतर मला माहीत होतं. डावीकडच्या दाराला कुलूप होतं. उजवीकडचं दार एका बाईंनी उघडलं, पंचाहत्तरीच्या, चष्मा कपाळावर.

"किसको मिलना है? बँक से आए हो?"

"नाही, मी... परांडेकर इथेच ना?"

"अय्या, मराठी!" चष्मा डोळ्यांवर आला. "या ना, या. पण आधीच सांगते, घर विकायचं नाही आम्हाला. ह्या महिन्यात तुम्ही चौथे."

"घर नको. म्हणजे... नकाशाच्या संदर्भात आलो होतो. देवयानी परांडेकर..."

"आमची देवू? मी तिची काकू, भानुमती. तुम्ही तिला कसे ओळखता?"

"पत्राने," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

पाणी आलं, खारी खुसखुशीत मठरी आली, त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन आलं. देवू मानेसरला असते. आईला घेऊन गेली आठ वर्षांपूर्वी, म्हणून तिकडची बाजू बंद. कंपनीची बस येते न्यायला. कॉम्प्युटरवर नकाशे करते, गाडीच्या पार्टांचे. "एवढासा स्क्रू, आणि त्याचा नकाशा केवढा, तुम्ही बघा." मी विचारलं, आणि माझा आवाज मला लांबून आला, "आर्किटेक्ट व्हायचं होतं ना त्यांना?" काकू म्हणाल्या, "हो, तेव्हा डोक्यात होतं तिच्या. कुठल्याशा मंडळाच्या स्कॉलरशिपची वाट बघत होती, रोज पोस्टमनच्या मागे. नाही आलं काही. मग केला डिप्लोमा, मेकॅनिकलचा, सरकारी कॉलेजातून." मी मठरीचा तुकडा हातात धरून बसलो होतो. रोज पोस्टमनच्या मागे. ते निकालाच्या आधी की नंतर, हे मला विचारायचं होतं आणि विचारवेना. काकू माझ्याकडे बघत होत्या. "अहो, दुःखीबिखी नाही ती. बिल्कुल मजेत आहे. ऑफिसात सगळे घाबरतात म्हणे तिला, अर्ध्या मिलिमीटरवरून कागद परत करते." मला हसू आलं.

"मागची खोली," मी म्हणालो, "बघता येईल?"

का, असं त्यांनी विचारलं नाही. दिल्लीकडच्या माणसांना घर दाखवायची हौसच असते. त्या लंगडत पुढे झाल्या, स्वयंपाकघरातून एक बोळ, एक कडी. आत गव्हाची कोठी, दोन ट्रंका, उन्हाळ्यापुरता कूलर, चादरीने झाकलेला. टेबल नव्हतं. पण फळी होती, आणि फळीखाली खिळ्यांची ओळ. मी मोजले. अकरा. कागदावरही अकराच होते का ते आठवेना, आणि मला एकदम रडू येईल असं वाटलं, म्हणून टेप काढला. "काकू, हे टोक धरता का जरा?"

"धरते की. पण तुम्ही नक्की बँकेचे नाही ना?"

लांबी अकरा फूट दोन इंच. मी पुन्हा लावला. अकरा दोन. मग रुंदी, खिडकीच्या भिंतीपासून बुजवलेल्या बाजूपर्यंत. आठ फूट साडेसहा इंच. अर्धा इंच कमी. मी तो अर्धा इंच बघत उभा राहिलो आणि, कबूल करायला लाज वाटते, मनात पहिल्यांदा आलं ते हेच: चुकली. सव्वीस वर्षांनीसुद्धा हात लाल पेन्सिलीकडेच गेला. मग मी भिंत ठोकली. बुजवल्यावर ती पूर्ण भिंत नव्याने गुळगुळीत केलेली होती, चौकटीवरून सलग. "हे प्लास्टर नंतरचं का?" काकू म्हणाल्या, "हो ना, दार बंद केल्यावर ह्यांनीच करून घेतलं. खूण दिसायला नको, म्हणाले. दिसली की भांडण आठवतं." अर्धा इंच प्लास्टर. तिने काढली होती ती खोली प्लास्टरच्या आधीची होती. टेबल, स्टूल आणि तिचे बाबा आत असतानाची. ती खोली तिने बरोबर काढली होती, आणि ती आता जगात फक्त त्या एका कागदावर होती, आणि त्या कागदावर माझं अक्षर होतं.

निघताना काकूंनी मानेसरचा पत्ता लिहून दिला. फोन लावू का, म्हणाल्या, लगेच बोला. मी इतक्या घाईने नको म्हणालो की त्या हसल्या. "बोलायला लाजता की काय या वयात?" मी म्हणालो, "पत्रच लिहीन. पत्राचं उत्तर आहे."

शनिवारी यतीन आला. मिस्त्री सोमवारी विटा नीट करून बंद करणार होता. आमच्या बाजूचंही प्लास्टर तोवर पाडून झालं होतं आणि चौकट दोन्हीकडून उघडी होती. शुभदा त्याला म्हणाली, "राहू दे की उघडं. चेतनाला आलं-कोथिंबीर लागली तर जिन्यातून यायला नको."

"काकू, आयडिया मस्त आहे, पण मग काकांची पुस्तकं कुठे जाणार?"

"तेच तर म्हणते मी."

मी हसलो आणि टेप घेतला. दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी आमचं घर मोजायला लागलो होतो. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. यतीनने टोक धरलं, मग चेतनानेही, मी आकडे सांगत गेलो आणि शुभदा वाणसामानाच्या वहीत लिहीत गेली. मग टेबलाशी बसलो, जाड कागद, पाव इंचाला एक फूट. हाताला सवय राहिलेली नाही आता. दोन कागद फुकट गेले. तिसऱ्यावर संडासही काढला, गळका नळसुद्धा टिपला, आणि कपाटाच्या भिंतीशी आलो तेव्हा थांबलो. मग तिथे भिंतीच्या दोन रेघांच्या मध्ये तुटक रेघा काढल्या, पावणेतीन फूट रुंदीच्या, आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं: "पूर्वीचे दार, विटांनी बंद."

पत्र लहान झालं. मला वाटलं होतं चार पानं होतील.

"श्रीमती देवयानी परांडेकर यांस, सा. न. वि. वि. आपल्या जून १९९९ च्या पत्राचे हे उत्तर. बंद केलेले दार तुटक रेघांनी दाखवतात आणि शेजारी तसे लिहितात. खोली मात्र पूर्ण रेघेनेच काढायची असते. तशीच ती आपण काढली होती. मी आपला परीक्षक होतो. शेऱ्यात तीन वाक्ये होती. पहिले खरे होते. दुसऱ्यातली चूक माझी होती. तिसरे वाक्य लिहिण्याचा मला काहीच अधिकार नव्हता. मी परवा ती खोली मोजली, आपली मापे बरोबर आहेत, अर्धा इंच नंतरच्या प्लास्टरचा आहे. आपले पत्र मुदतीत आले होते. समितीने विचारले तेव्हा ते माझ्या खिशात होते आणि मी 'नाही' म्हणालो. निकाल बदलला असता की नाही ते मला माहीत नाही. बदलता आला असता एवढे माहीत आहे. क्षमा मागण्याइतका मी धीट नाही, पण मागतो. सोबत माझ्या घराचा नकाशा जोडला आहे. स्वतः मोजून, हाताने, प्रमाणात. तपासून, शेरा लिहून परत पाठवावा. आपला, श्रीरंग."

सोमवारी सकाळी शेजारी विटा चढत होत्या तेव्हा आम्ही दोघं पोस्टात गेलो. शुभदा भाजीची पिशवी घेऊन दाराशी थांबली. खिडकीतल्या मुलीने पाकीट वजनाला ठेवलं. "अंकल, इसमें क्या है?"

"नक्शा है, बेटा."

"किसका?"

"मेरे घर का."

तिने एकदा वर बघितलं, मग पिनकोड टाइप करू लागली. मी म्हणालो, एक मिनिट, पिनकोड जरा बघू का पुन्हा. तिने पाकीट काचेखालून सरकवलं. ते माझ्या हातात परत आलं. निळं नव्हतं, खाकी होतं, जरा जड. मागे चार माणसं उभी होती आणि कोणीतरी म्हणालं, "चलो अंकल." पिनकोड बरोबर होता. मी तो एकदाच बघितला आणि पाकीट परत सरकवलं. तिने त्यावर चिठ्ठी चिकटवली, शिक्का मारला आणि न बघता मागच्या पोत्यात टाकलं.

बाहेर ऊन होतं. शुभदाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "टाकलंत का?"

"हो," मी म्हणालो.